शर्ली चिझम : अमेरिकी काँग्रेसमधील पहिली कृष्णवर्णीय महिला

अमेरिकेच्या राजकारणात वर्णभेद आणि स्त्री-पुरुष भेद या दोन्ही भिंतींना एकाच वेळी धडक देणाऱ्या नेत्या म्हणून शर्ली चिझम यांचे नाव घेतले जाते. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथून प्रतिनिधिगृहावर निवडून आलेल्या चिझम या अमेरिकी काँग्रेसच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य ठरल्या.

३० नोव्हेंबर १९२४ रोजी ब्रुकलिनमध्ये त्यांचा जन्म झाला. कॅरिबियन प्रदेशातून आलेले वडील कारखान्यात मजुरी करीत, तर आई शिवणकाम व इतरांच्या घरची कामे करीत असे. बालपणीची काही वर्षे बार्बाडोसमध्ये आजीजवळ गेली. ब्रुकलिन कॉलेजमधून १९४६ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्या शिशुशाळेत शिक्षिका झाल्या. १९६४ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात निवडून गेल्या.

वॉशिंग्टनमध्ये दाखल होताच दाट शहरी वस्तीच्या या प्रतिनिधीची नेमणूक कृषी समितीवर करण्यात आली. नवख्या सदस्याने असे निर्णय निमूटपणे स्वीकारण्याचा प्रघात होता. चिझम यांनी तो मोडला आणि समिती बदलून घेतली. १९७१ मध्ये कृष्णवर्णीय खासदारांच्या गटाच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता.

२५ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिंगणात उतरत असल्याचे जाहीर केले. निधी तुटपुंजा होता. बहुतांश कृष्णवर्णीय पुरुष नेते दूर राहिले आणि महिला चळवळीतील अनेकींनीही उघड पाठबळ देण्याचे टाळले. तरीही मायामी बीच येथील पक्ष अधिवेशनात त्यांना १५२ प्रतिनिधींची मते मिळाली. उमेदवारी जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याकडे गेली.

त्याच प्रचारकाळात वंशविभाजनाचे कट्टर समर्थक व प्रतिस्पर्धी जॉर्ज वॉलेस गोळीबारात जखमी झाले. चिझम रुग्णालयात जाऊन त्यांना भेटल्या. समर्थक संतापले, मात्र चिझम यांना त्या भेटीचा पश्चात्ताप झाला नाही. पुढे घरकामगारांना किमान वेतनाच्या कायद्यात आणण्यासाठी त्या झटल्या, तेव्हा दक्षिणेकडील सदस्यांचे मन वळविण्यास वॉलेस यांनी साहाय्य केले. १९७४ मध्ये ही तरतूद संमत झाली. इतरांच्या घरी राबणाऱ्या आईच्या लेकीसाठी हा विजय केवळ संसदीय नव्हता.

सात कार्यकाळांनंतर १९८३ मध्ये त्या काँग्रेसमधून निवृत्त झाल्या आणि पुन्हा अध्यापनाकडे वळल्या. १ जानेवारी २००५ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ने गौरविण्यात आले.