देश तसा वेश : ध्रुववीर रोआल्ड आमुंडसेन

थंडीशी आपला परिचय तसा बेताचाच. पौषातल्या पहाटे आमच्या गोमंतकात धुके उतरते, वडीलमंडळी शेकोटीभोवती बसतात, आणि घटकाभराने ऊन वर आले की थंडीचे नावही उरत नाही. परंतु या पृथ्वीवर असेही प्रदेश आहेत, की जेथे उघड्या बोटाने लोखंडाला स्पर्श करताच कातडी त्याला चिकटून बसते. तेथे हात बधिर झाला म्हणजे आगकाडी ओढता येत नाही, दोराची गाठ सुटत नाही, आणि एवढ्याशा कारणाने धडधाकट माणसाचा प्राण जातो. अशा ठिकाणी हात ऊबदार ठेवणे ही चैन नव्हे. ती जगण्याची पहिली अट होय. ही अट ज्याने लक्षपूर्वक समजून घेतली आणि जो दक्षिण ध्रुवावर सर्वांच्या आधी पोहोचला, त्या रोआल्ड आमुंडसेन याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

आमुंडसेनचा जन्म १६ जुलै १८७२ रोजी नॉर्वे देशातील बोर्गे या गावी झाला. घराणे जहाजमालकांचे होते. तो चौदा वर्षांचा असताना वडील वारले. मुलाने वैद्य व्हावे अशी आईची फार इच्छा होती व तिच्या शब्दाखातर त्याने वैद्यकाचा अभ्यासही आरंभिला. परंतु त्याचे मन ध्रुवप्रदेशाच्या वर्णनांत गुंतले होते. इंग्रज प्रवासी सर जॉन फ्रँकलिन याच्या हालअपेष्टांची हकीकत त्याने लहानपणीच वाचली होती. १८९३ साली आई निवर्तली आणि आमुंडसेनने वैद्यकाला कायमचा रामराम ठोकला.

निसर्गाने पहिला धडा दिला तो स्वतःच्याच देशात. १८९६ च्या जानेवारीत रोआल्ड व त्याचा भाऊ लिऑन हार्डांगरविड्डा नावाचे विस्तीर्ण पठार ओलांडण्यास निघाले. वाट चुकली, शिधा गमावला. एके रात्री रोआल्ड बर्फात खळगा करून झोपला. ओला बर्फ रात्रीतून गोठून दगडासारखा कठीण झाला आणि सकाळी त्याला हातपाय हलविता येईनात. लिऑनने तो बर्फ उकरून भावाला बाहेर काढले म्हणून पुढचा इतिहास घडला. थंडीपेक्षाही थंडीतला ओलावा अधिक घातक असतो, ही गोष्ट त्याला तेव्हा अंगावरच्या अनुभवाने कळली.

पुढे १८९७ ते १८९९ या काळात बेल्जिका या जहाजावर अधिकारी म्हणून तो दक्षिणेकडे गेला. ते जहाज बर्फात अडकून पडले व अंटार्क्टिकाच्या बर्फात हिवाळा काढणारी ती पहिली तुकडी ठरली. तेथे फ्रेडरिक कुक या डॉक्टरकडून त्याने पुष्कळ शिकून घेतले. परंतु त्याची खरी शाळा अद्याप पुढेच होती.

१९०३ च्या जूनमध्ये योआ नावाच्या अवघ्या ४७ टनी जहाजातून सहा सोबती घेऊन तो निघाला. कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांमधून पॅसिफिक महासागराला जाणारा मार्ग अनेक पिढ्या शोधीत होत्या. तोच त्याला पार करावयाचा होता. किंग विल्यम बेटावरील एका सुरक्षित बंदरात त्याने नांगर टाकला व दोन हिवाळे तेथे काढले. या भागात नेट्सिलिक नावाचे इन्युइट लोक राहत. जुन्या पुस्तकांतून ज्यांना एस्किमो म्हटले जाई, त्यांपैकीच हे लोक. त्या काळचे बहुतेक युरोपीय प्रवासी त्यांना रानटी समजत. आमुंडसेनने मात्र त्यांच्यापुढे विद्यार्थ्याची वृत्ती धरली. बर्फाचे घर कसे बांधावे हे त्याला व त्याच्या सोबत्यांना तेरायू नावाच्या एका वृद्धाने शिकविले. सुया, सुऱ्या व लोखंडाच्या वस्तू देऊन त्याने त्यांचे कपडे घेतले, स्वतः अंगावर घातले आणि ते तसे का शिवले जातात याचा विचार केला.

ते कपडे कॅरिबू नावाच्या हरणाच्या कातड्याचे असत. या हरणाच्या केसांत हवा असते आणि कोंडलेली हवा उष्णतेला सहसा बाहेर जाऊ देत नाही. कपड्यांचे दोन थर असत : आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची लव बाहेर. दोन्ही थर सैल. युरोपीय माणूस घट्ट लोकरी कपड्यावर कपडा चढवून वर पट्टा आवळी. नेट्सिलिक मनुष्य अंगाभोवती हवेला जागा ठेवी. अंगरखा इतका ऐसपैस असे, की हात गारठल्यास बाही सोडून तो आत घेता येई व उघड्या छातीवर शेकता येई. हातमोजाही तसाच. पाच बोटांना पाच वेगळी घरे नाहीत; अंगठा तेवढा निराळा व चारी बोटे एकत्र. वेगळे राहिलेले बोट चोहोबाजूंनी उष्णता गमावते. एकत्र असलेली बोटे एकमेकांना ऊब देतात. एकत्र कुटुंबाचे हे तत्त्व आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढेच आहे. हात गारठतो तो नेहमी हाताच्या दोषाने नव्हे. शरीराचा गाभा थंड पडू लागला, की हृदय, यकृत इत्यादी मर्मस्थाने वाचविण्यासाठी शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि तिकडचे रक्त कमी होते. संसारात टंचाई आली की गृहिणी आधी चुलीचा विचार करते, तसेच हे. म्हणून डोके, मान व छाती उघडी ठेवून हातावर कितीही जाड मोजे चढविले तरी बोटे गारच राहतात. मनगटाशी मोजा आवळला तर उरलेसुरले रक्तही अडते. आणि श्रमाने घाम आला तर तो कपड्यांत मुरून पुढे गोठतो. यास्तव नेट्सिलिक लोक धिम्या गतीने चालत व अंग तापू लागताच कपडा सैल करीत. आमुंडसेनने हे सारे पाहिले. १९०५ साली मार्गाचा अवघड भाग पार झाला व १९०६ साली योआ अलास्कातील नोम बंदरात पोहोचले. जहाजातून तो मार्ग संपूर्ण पार करणारा तो पहिला पुरुष ठरला. परंतु आमच्या मते त्या सफरीतील त्याची मोठी कमाई म्हणजे ही विद्याच होय.

या विद्येची परीक्षा दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर झाली, आणि प्रारंभी आमुंडसेन तीत नापासच झाला हे सांगितलेच पाहिजे. इंग्रज कॅप्टन स्कॉट याच वेळी ध्रुवाकडे निघणार होता. तो पुढे जाईल या चिंतेने आमुंडसेनने घाई केली व ८ सप्टेंबर १९११ रोजी, हिवाळा पुरता सरण्याआधीच, आठ माणसांनिशी कूच केले. पारा शून्याखाली ५६ अंशांपर्यंत उतरला. कुत्र्यांचे पंजे गोठले, तिघा सोबत्यांच्या टाचांना हिमदंश झाला, आणि सर्वांना तळावर परतावे लागले. परतीच्या धांदलीत मागे राहिलेल्या सोबत्याला घेऊन येणाऱ्या अनुभवी योहान्सनने त्याला दोष दिला. आमुंडसेनने रागाने त्याला ध्रुवाच्या तुकडीतून वगळले. उत्तम वस्त्रेही अविचाराला झाकू शकत नाहीत, हेच खरे.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तो पुन्हा निघाला. या खेपेस पाच माणसे, चार स्लेज गाड्या व ५२ कुत्रे होते. आता थंडी सौम्य होती. कित्येक दिवस तर कातड्याचे कपडे नकोसे होत व हलक्या कपड्यांवर भागे. कपडा केव्हा चढवावा याइतकेच तो केव्हा उतरवावा हेही ते जाणत होते. १४ डिसेंबर १९११ रोजी ते ध्रुवावर पोहोचले. तेथे आमुंडसेनने एकट्याने निशाण रोवले नाही. ब्यालांड, हान्सेन, हासेल, विस्टिंग व तो स्वतः अशा पाचही जणांनी निशाणाची काठी मिळून धरली. त्या पाचही मुठींवर थंडीवाऱ्याच्या खुणा होत्या. तथापि काठी धरण्याचे बळ त्यांत शाबूत होते. ९९ दिवसांचा प्रवास संपवून, २५ जानेवारी १९१२ रोजी, पाचही जण सुखरूप तळावर आले. कुत्रे मात्र अकराच उरले. त्या मुक्या जिवांनी या विजयाचे मोल दिले, हे विसरता कामा नये.

स्कॉटने तीन यांत्रिक स्लेज आणल्या होत्या. आजच्या स्नोमोबाइलच्या त्या पूर्वजच म्हणावयाच्या. एक उतरवितानाच बर्फ फुटून समुद्रात बुडाली. उरलेल्या दोन वाटेत बिघडल्या. स्कॉटचे पाच वीर १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचले. त्यांतील एडगर इव्हान्स हा फार बळकट पुरुष. स्लेज दुरुस्त करताना त्याच्या हाताला जखम झाली. ती बरी होईना, पुढे बोटांची नखे गळू लागली. फेब्रुवारीत तो वारला व मार्च संपता संपता त्याचे चारही सोबती गेले. भूक, आजार व विलक्षण थंडी अशी त्याला अनेक कारणे होती. त्यांच्या धैर्याला आम्ही वंदनच करतो.

आमुंडसेनचा शेवटही बर्फातच झाला. १२ मे १९२६ रोजी नोर्गे या वायुनौकेतून त्याने उत्तर ध्रुव ओलांडला. त्या प्रवासातील इटालियन सहकारी नोबिले याच्याशी पुढे त्याचे तीव्र वैर जडले. परंतु १९२८ साली नोबिलेची दुसरी वायुनौका बर्फात कोसळल्याचे कळताच आमुंडसेन त्याच्या शोधार्थ निघाला. १८ जून १९२८ रोजी त्याचे विमान ट्रॉम्सोहून उडाले ते परत आले नाही. विमानाचा एक तरंगक पुढे समुद्रात सापडला. नोबिले वाचला; त्याला वाचवावयास निघालेला हात मात्र कायमचा गारठला.

किंग विल्यम बेटावरील त्या बंदराला आज योआ हेवन म्हणतात. तेथे आता इन्युइट लोकांचे गाव वसले आहे. कुत्र्यांच्या गाड्यांची जागा तेथे स्नोमोबाइलने घेतली आहे. वाहन वेगाने धावू लागले की वारा नसतानाही समोरून वारा येतो व मूठ धरलेले हात सर्वांआधी गोठू लागतात. म्हणून आता विजेने तापणाऱ्या मुठी निघाल्या आहेत. तरी यंत्र बंद पडले की ती ऊबही गेली. मग उपयोगी पडतो तो जुनाच धडा : अंग कोरडे, छाती ऊबदार, कपडे सैल, बोटे एकत्र.

विद्यार्थी मित्रहो, आमुंडसेनचे नाव भूगोलाच्या पुस्तकात आहे. परंतु ती कातडी दातांनी चावून मऊ करणाऱ्या, हरणाच्या कंडरांचा धागा काढून एकेक टाका वारा शिरणार नाही असा घालणाऱ्या नेट्सिलिक स्त्रियांची नावे पुस्तकात नाहीत. ज्ञान पदवी पाहून येत नाही. ते ज्याच्या हातात असते त्याच्याकडे जाऊन, मान लववून घ्यावे लागते. तुमच्या गावातही असे निनावी हात आहेत. जाळे विणणारे, मिठागर राखणारे, बांध घालणारे. ध्रुवावर जाण्याचा योग सर्वांना येणार नाही; परंतु या हातांपाशी बसून चार गोष्टी शिकण्याचा योग तुम्हाला रोजच येतो. तो दवडू नका.