एका हाताची मैफल

कव्वालीच्या मैफलीत तुम्ही पेटी पाहिली असेल. पेटीवाला एका हाताने भाता हलवतो आणि दुसऱ्या हाताने सूर काढतो. युरोपातील पियानो हे वाद्य मात्र दोन्ही हातांनी वाजवावे लागते. त्याला पांढऱ्या व काळ्या मिळून ८८ पट्ट्या असतात. डावा हात खालचे जाड सूर सांभाळतो आणि मुख्य धून बहुधा उजवा हात वाजवतो. मग ज्याचा उजवा हातच गेला, त्याने काय करावे?

पॉल विटगेनस्टाइन यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८८७ रोजी ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. वडील पोलादाचे मोठे कारखानदार होते. घरात पैशाला तोटा नव्हता आणि संगीताचीही आवड होती. ब्राम्ससारखे थोर संगीतकार त्यांच्याकडे येत असत. धाकटा भाऊ लुडविग पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगभर गाजला. पॉल यांना लहानपणापासून पियानोचे वेड होते. लेशेटिट्स्की या नामवंत गुरूंकडे ते शिकले आणि डिसेंबर १९१३ मध्ये व्हिएन्नात त्यांची पहिली मोठी जाहीर मैफल झाली.

पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. पॉल सैन्यात दाखल झाले. ऑगस्ट १९१४ मध्ये पोलंडच्या भूमीवर लढताना त्यांच्या उजव्या कोपरात गोळी घुसली. डॉक्टरांना हात कापावा लागला. त्यातच ते रशियन सैन्याच्या हाती सापडले आणि युद्धकैदी म्हणून त्यांना दूर सैबेरियातील ओम्स्क येथे नेण्यात आले.

तिथे थंडी, रोगराई आणि उपासमार होती. पियानो नव्हता. पॉल यांनी एका लाकडी खोक्यावर कोळशाने पियानोच्या पट्ट्या काढल्या आणि डाव्या हाताची बोटे त्यावर चालवू लागले. खोक्यातून सूर कुठून निघणार? पण त्यांच्या मनात ते ऐकू येत होते. जी धून पूर्वी दोन हात वाजवत, ती पाच बोटांत कशी बसेल याचा हिशेब ते करत राहिले. व्हिएन्नातील त्यांचे वृद्ध गुरू योसेफ लाबोर यांना त्यांनी निरोप धाडला, की केवळ डाव्या हातासाठी एक रचना करून द्या. लाबोर स्वतः अंध होते. शिष्याची अडचण त्यांना निराळी समजावून सांगण्याची गरज नव्हती. निरोप येण्यापूर्वीच त्यांनी काम हाती घेतले होते.

कैद्यांच्या अदलाबदलीत १९१५ च्या अखेरीस पॉल घरी परतले. मग तासन्तास सराव सुरू झाला. अंगठ्याने वरची धून, बाकीच्या बोटांनी खालची साथ, आणि पायाखालच्या पेडलने आधीचा सूर लांबवून हात झटकन दुसऱ्या टोकाला न्यायचा, अशी ती युक्ती होती. डोळे मिटून ऐकणाऱ्याला दोन हात वाजवत आहेत असे वाटावे! डिसेंबर १९१६ मध्ये त्यांनी व्हिएन्नाच्या श्रोत्यांसमोर लाबोर यांची रचना वाजवली.

एका हातासाठी रचना फार थोड्या होत्या. वडिलांची संपत्ती आता कामी आली. पॉल यांनी मोठमोठ्या संगीतकारांना मोबदला देऊन नव्या रचना करवून घेतल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध रचना फ्रान्सच्या मॉरिस राव्हेल यांची. ती ५ जानेवारी १९३२ रोजी व्हिएन्नात प्रथम वाजवली गेली.

पण पॉल हट्टी होते, हेही सांगितले पाहिजे. राव्हेल यांच्या रचनेत त्यांनी आपल्या मनाने फेरफार केले, तेव्हा राव्हेल संतापले. रशियाच्या प्रोकोफिएव्ह यांची रचना त्यांना रुचली नाही. ती त्यांनी कधीच वाजवली नाही. दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या झिगफ्रीड राप या जर्मन वादकाने त्यांच्याकडच्या रचना मागितल्या, तेव्हा त्यांनी नकार दिला. स्वतः ते दुःख भोगलेल्या माणसाने असे करावे, हे मनाला पटत नाही. शेवटी राप यांनी प्रोकोफिएव्ह यांची ती रचना मिळवली आणि १९५६ मध्ये बर्लिनमध्ये वाजवली.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला. विटगेनस्टाइन घराणे ख्रिस्ती होते, पण पॉल यांचे तीन आजी-आजोबा जन्माने ज्यू होते. तेवढ्यावरून त्यांच्या जाहीर मैफली बंद झाल्या. त्यांनी देश सोडला आणि ते अमेरिकेत न्यूयॉर्कला स्थायिक झाले. तिथे ते मैफली करत आणि विद्यार्थ्यांना शिकवत. डाव्या हाताच्या वादनावर त्यांनी तीन भागांचे पुस्तकही काढले. ३ मार्च १९६१ रोजी त्यांचे निधन झाले.

जर्मन संगीतकार हिंडेमिथ यांनी १९२३ मध्ये त्यांच्यासाठी केलेली एक रचना त्यांनी न वाजवताच ठेवून दिली होती. पत्नीच्या मृत्यूनंतर, २००२ मध्ये, ती त्यांच्या कागदपत्रांत सापडली. डिसेंबर २००४ मध्ये बर्लिन येथे लिऑन फ्लायशर या अमेरिकन वादकाने ती प्रथम वाजवली. आजारामुळे फ्लायशर यांचा उजवा हात अनेक वर्षे निकामी झाला होता, आणि त्या काळात ते डाव्या हाताच्या रचनांवरच मैफली करत आले होते.