एपवर्थची माउली : सुसॅना वेस्ली

जॉन वेस्ली व चार्ल्स वेस्ली या बंधूंची नावे आपणांस परिचित आहेत. एकाने घोड्यावरून हजारो मैल फिरून सुवार्ता सांगितली. दुसऱ्याने सहा हजारांहून अधिक भक्तिगीते रचली. परंतु या दोघांना ज्या माउलीने घडविले, तिच्या घरी आपल्या भारतभूमीतून गेलेली एक ठिणगी पडली होती, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्या माउलीची, सुसॅनाबाई वेस्ली यांची, जीवनकथा आज आपण पाहू या.

सुसॅनाबाईंचा जन्म २० जानेवारी १६६९ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील डॉ. सॅम्युएल ॲन्स्ली हे विद्वान पाळक होते. १६६२ साली राज्यमान्य मंडळीच्या उपासनापद्धतीस संमती न दिल्यामुळे सुमारे दोन हजार पाळकांना आपापली सेवास्थाने सोडावी लागली. ॲन्स्ली त्यांपैकीच एक. पंचवीस भावंडांत सुसॅना सर्वांत धाकटी, असे सांगतात. या मुलीने वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही पक्षांचे म्हणणे स्वतः तपासले आणि वडिलांनी जी मंडळी सोडली होती, तीच पत्करली. तरीही पिता व कन्या यांच्या प्रेमात अंतर पडले नाही. विवेकबुद्धीचा मान कसा राखावा, हा धडा त्यांना माहेरीच मिळाला.

१६८८ साली त्यांचा विवाह सॅम्युएल वेस्ली या तरुणाशी झाला. पुढे ते पाळक झाले आणि १६९७ पासून लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी हे कुटुंब स्थिरावले. सॅम्युएल विद्वान व प्रामाणिक होते, पण व्यवहारात कच्चे आणि स्वभावाने तापट. राजा तिसरा विल्यम याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेस पत्नी आमेन म्हणत नाही, एवढ्यावरून ते काही महिने घर सोडून गेले होते. विल्यमला हक्काचा राजा मानणे सुसॅनाबाईंच्या मनाला पटत नव्हते, आणि मनाला न पटलेले शब्द त्यांना देवापुढे उच्चारता येत नव्हते. या दुराव्यानंतर समेट झाला आणि जून १७०३ मध्ये जॉनचा जन्म झाला.

त्यांच्या पोटी एकोणीस मुले जन्मली. त्यांतील नऊ अगदी लहानपणीच दगावली. ऋण तर पाचवीला पुजलेले. १७०५ साली कर्जापायी सॅम्युएल यांना लिंकनच्या तुरुंगात जावे लागले. सुसॅनाबाईंनी आपल्या अंगठ्या त्यांच्याकडे धाडल्या. पतीने त्या परत केल्या. कुटुंबाला कधी अन्नावाचून राहावे लागले काय, असे यॉर्कच्या आर्चबिशपांनी विचारले असता त्यांनी सांगितले की, भाकरी नव्हती असे कधी झाले नाही. मात्र ती मिळविण्याचे व तिचे पैसे चुकविण्याचे कष्ट इतके होते, की ती कडू लागे.

अशा घरात त्यांनी मुलांची शाळा चालविली. मूल पाच वर्षांचे झाले की दुसऱ्याच दिवशी त्याला मुळाक्षरे शिकवीत. बहुतेक मुले ती एका दिवसात शिकत. मग लगेच पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या पुस्तकापासून वाचन सुरू होई. दररोज सहा तास अभ्यास चाले. मुलीला नीट वाचता येईपर्यंत तिच्या हाती सुईदोरा द्यावयाचा नाही, असा त्या घरचा दंडक होता. तीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

फेब्रुवारी १७०९ मध्ये पाळकगृहाला आग लागली. पाच वर्षांचा जॉन वरच्या खोलीत अडकला होता. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर चढून त्याला खिडकीतून ओढून काढले. घर भस्मसात झाले आणि नवे घर उभे राहीपर्यंत मुले निरनिराळ्या घरी विखुरली. पुन्हा एकत्र आल्यावर त्यांना वळण लावणे फार जड गेले.

याच सुमारास ती ठिणगी पडली. १७०६ साली डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले झीगेनबाल्ग व प्लुट्शाऊ हे दोन मिशनरी तामिळ देशातील तरंगमबाडी येथे उतरले होते. त्यांच्या कार्याचा वृत्तांत इंग्रजीत छापला गेला व तो एपवर्थच्या पाळकगृहातही पोहोचला. थोरली मुलगी एमिलियाने तो आईला वाचून दाखविला. सुसॅनाबाई अनेक दिवस दुसरे काही बोलेनात. आपण पुरुष नाही, पाळक नाही, दूरदेशी जाणे आपल्याला शक्य नाही. परंतु देवाने जे जीव आपल्या हाती दिले आहेत, त्यांच्यासाठी याहून अधिक करता येईल, असा निश्चय त्यांनी केला. आठवड्यातील एकेक संध्याकाळ त्यांनी एकेका मुलाला वाटून दिली. त्या वेळी आई फक्त त्याचीच असे. जॉनच्या वाट्याला गुरुवार आला होता. पुढे ऑक्सफर्डमध्ये विद्वान म्हणून मान्यता पावल्यावरही त्या गुरुवारच्या संध्याकाळीसारखा वेळ आईने आपल्यासाठी काढावा, अशी इच्छा त्याने पत्रातून व्यक्त केली.

१७११-१२ च्या हिवाळ्यात सॅम्युएल धर्मसभेसाठी लंडनला गेले होते. दर रविवारी सायंकाळी सुसॅनाबाई स्वयंपाकघरात मुलांना व नोकरांना घेऊन प्रार्थना करीत व उपदेश वाचून दाखवीत. शेजारीपाजारी येऊ लागले. तीस-चाळीस झाले, मग दोनशेंहून अधिक! कित्येकांना जागेअभावी परतावे लागे. सहायक पाळकाच्या उपासनेस मात्र माणसे थोडीच येत. त्याने तक्रार केली व सॅम्युएल यांनी सभा बंद करण्याविषयी लिहिले. सुसॅनाबाईंनी नम्र, पण ठाम उत्तर दिले. जी कुटुंबे वर्षानुवर्षे मंदिराची पायरी चढली नव्हती, ती आता येऊ लागली आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही सभा बंद करावयाची असेल, तर पतीने केवळ इच्छा कळवू नये. स्पष्ट आज्ञा करावी, म्हणजे ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे तिचा जाब त्यांना देता येईल, असेही त्यांनी कळविले. ती आज्ञा कधी आली नाही.

वाचकहो, या घरातील सर्वच मुलांचे कल्याण झाले, असे मात्र नाही. हेटी ही कन्या आठव्या वर्षी ग्रीक वाचू शकत असे व पुढे कवयित्री झाली. परंतु तिचा संसार दुःखाचा ठरला आणि वडिलांचा रोष निवळला नाही. आणखीही मुलींना लग्नात सुख लाभले नाही. शिस्तीने अक्षरे शिकविता येतात. लेकरांचे पुढील आयुष्य आईच्या हाती नसते. हे शल्य उरी बाळगूनही सुसॅनाबाईंची प्रार्थना खंडित झाली नाही.

१७३५ साली पतीच्या निधनानंतर त्या मुलांच्या घरी राहिल्या. जन्मभर मंदिरात जाणाऱ्या या भगिनीला सत्तराव्या वर्षी, प्रभुभोजनाचा प्याला घेत असता, आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री लाभली. अखेरची वर्षे त्यांनी लंडनमध्ये जॉनजवळ काढली. तोफा ओतण्याचा एक पडीक कारखाना घेऊन जॉनने तेथे उपासनास्थान केले होते. तो बाहेरगावी असता थॉमस मॅक्सफील्ड या दीक्षा न झालेल्या तरुणाने उपदेश केला. जॉन रागावून परतला. तेव्हा वृद्ध मातेने त्याला बजावले की, आधी त्या तरुणाचे स्वतः ऐक, फळे पाहा, मगच निर्णय कर. जॉनने ऐकले आणि त्याचे मन पालटले. अशा सामान्य उपदेशकांच्या बळावरच मेथडिस्ट चळवळ गावोगावी पसरली. एपवर्थच्या स्वयंपाकघरात जे आईने अनुभवले, तेच तिने पुत्राला दिले.

जुलै १७४२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. आपला प्राण सुटताच स्तुतिगीत गावे, असे त्यांनी मुलांना सांगून ठेवले होते. मुलांनी तसेच केले. बनहिल फील्ड्स येथे जॉनने स्वतः त्यांचा दफनविधी चालविला.

तरंगमबाडीहून गेलेली ठिणगी पुढे दीप होऊन परतली. १८७१-७२ मध्ये विल्यम टेलर यांनी मुंबईत मेथडिस्ट कार्याचा पाया घातला, तेव्हा त्या विश्वासणाऱ्यांचे छोटे मेळे घराघरांतच भरत.

माता-भगिनींनो, आपल्या श्रमांचे फळ आज दिसत नसेल. सुसॅनाबाईंनाही ते सारे दिसले नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ एका लेकरासाठी राखून ठेवणे मात्र आपणां सर्वांच्या हाती आहे. या आठवड्यात ती कोणाची असेल?