भयाविण भक्ती : रेव्हरंड नारायण वामन टिळक

नाताळच्या दिवसांत एखाद्या मराठी ख्रिस्तमंदिरावरून जाताना आतील गायन कानी पडले, तर आपल्या भजनी मंडळींची पावले क्षणभर थबकतात. अभंग ओळखीचा, ओवी ओळखीची, साथीला पेटी-तबला. निराळे असते ते केवळ नाम. त्या पदांचा फार मोठा भाग ज्या एका कवीने रचला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. ‘केवढे हे क्रौर्य’ आणि ‘वनवासी फूल’ यांचे कवी म्हणून मागील पिढ्यांना ते सुपरिचित आहेत. आज मात्र त्यांच्या काव्याची थोरवी गाण्याचा आमचा हेतू नाही. जो धर्म त्यांनी पत्करला, तो त्यांनी इतरांस कोणत्या रीतीने सांगितला, एवढाच आजच्या निरूपणाचा विषय आहे.

विषय नाजूक आहे, हे आम्ही जाणतो. मंगेश वा शांतादुर्गा ही ज्यांची कुलदैवते, त्यांच्या घरी परधर्मप्रसाराची जी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, ती प्रेमाची नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली साष्टीतील देवळे पाडली गेली. १५६० साली श्रीमंगेशाला कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळास न्यावे लागले. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले, ते १८१२ पर्यंत टिकले. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले तेही याच भूमीत. असा रसाळ ग्रंथ आणि असा धाक एकाच ठिकाणी शेजारी शेजारी नांदत होते. पुढे इंग्रजी अमलात तसा राजदंड नव्हता; तरी नरकाग्नीची वर्णने करणे आणि आपल्या देवदेवतांची निंदा करणे हा पुष्कळ प्रचारकांचा परिपाठच होऊन बसला होता. या पार्श्वभूमीवर टिळकांकडे पाहावयाचे आहे.

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात नारायणाचा जन्म झाला. आईला पदांची, कवनांची आवड, वडील कठोर. धाक म्हणजे काय, हे या मुलाला बालपणीच कळले होते. मातेचे छत्र हरपताच त्याने घर सोडले आणि तो नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा व्युत्पन्न गुरू लाभला व संस्कृतात गती प्राप्त झाली. पुढे जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्येशी विवाह झाला. याच त्या लक्ष्मीबाई. कोठे शिक्षकी, कोठे छापखाना, कोठे पुराणप्रवचन असा फिरता संसार करीत टिळक नागपुरास पोहोचले. जातिभेदाने त्यांचे चित्त व्यथित झाले होते आणि मनात नव्या धर्माची काही जुळवाजुळव चालली होती.

१८९३ साली नोकरीनिमित्त राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी वाद घातला नाही, नरक दाखविला नाही. सौजन्याने बोलले, संस्कृत काव्याची वाखाणणी केली आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत हाती दिली. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही करून गेले. टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले आणि गिरिप्रवचनापाशी ते जे थांबले, ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही परदेशी पाद्र्याच्या हातून नव्हे, तर एका भारतीय धर्मोपदेशकाच्या हातून. ज्या अमेरिकन मराठी मिशनशी त्यांचा संबंध जडला, त्यातील जस्टिन अॅबट यांनी पुढे महीपतींनी रचलेली संतचरित्रे इंग्रजीत नेली. साधूच्या संगतीचा परिणाम दोहीकडे होतो, तो असा.

आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात, त्या अहमदनगरात टिळक ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात शिकवू लागले. तेथे त्यांच्या आधीपासून ख्रिस्ती कीर्तने होत असत. परंतु कीर्तनाचा प्राण म्हणजे काय, हे टिळकांनी जाणले. नमन, पूर्वरंगातील निरूपण, मध्यंतरीचा नामघोष आणि उत्तररंगातील आख्यान हा साचा कोणासही उचलता येतो. श्रोत्यांच्या अंतःकरणात देवाविषयी माया उपजविणे हे साच्यात नसते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. म्हणून त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा दंड घेऊन बसलेला न्यायाधीश म्हणून येत नाही. तो माउली होऊन येतो, गुरू होऊन येतो, सखा होऊन येतो. विठाईला हाक मारणाऱ्या आम्हां कीर्तनकारांना तो स्वर परका वाटत नाही.

येथे शास्त्राचा थोडा विचार करावयास हवा. श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात नारदमुनी युधिष्ठिरास सांगतात की, गोपी कामाने, कंस भयाने आणि शिशुपाल द्वेषाने भगवंताच्या ठायी तन्मय झाले आणि तरून गेले. तेव्हा भयानेही चित्त देवाकडे लागते, हे खोटे नव्हे. परंतु कंसाच्या वाटेने आपले लेकरू जावे, असे कोणत्या मातेला वाटेल? आम्हीही यमयातनांची वर्णने रंगवून सांगतोच. गरुडपुराण ऐकून मुले रात्री दचकतात, हे घरोघरी ठाऊक आहे. नरकाचा बाऊ दाखविणारा केवळ पाद्रीच असतो, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

टिळकांच्या तत्त्वाची खरी कसोटी लागली ती स्वतःच्या घरात. धर्मांतराची वार्ता ऐकून लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यासारख्या झाल्या. चार वर्षांहून अधिक काळ पतिपत्नींची ताटातूट झाली. त्यांतील काही काळ त्या नातलगांकडे पंढरपुरास होत्या. पती जिवंत असून संसार मोडलेला, पदरी लहान दत्तू आणि समाजाचे बोल. हे दुःख टिळकांच्या निर्णयाने ओढवले होते, हे लपविण्यात अर्थ नाही. प्रेमाचा पुरस्कर्ता म्हणून त्यांची थोरवी सांगताना त्या माउलीचे अश्रू विसरून चालणार नाही. आम्ही सनातन परंपरेतले. त्यांचे धर्मांतर आम्हांस मान्य होण्याचा प्रश्नच नाही. परंतु त्या काळातील टिळकांचे वर्तन पाहण्याजोगे आहे. ते पत्रे लिहीत राहिले, कविता लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. दुसरा विवाह केला नाही.

अखेर लक्ष्मीबाई नगरास आल्या त्या आपले सोवळेओवळे घेऊनच. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. घरधनी ख्रिस्ती उपदेशक आणि घरात ब्राह्मणी सोवळे! टिळकांनी ते चालू दिले. जातिभेद हा मनुष्यकृत आहे, हे लक्ष्मीबाईंना पुढे स्वतःच्या विचाराने उमगले, आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. दुष्काळातील अनाथ मुलांसाठी आणि प्लेगच्या रुग्णांसाठी हे दांपत्य नंतर खपले. टिळक तापट होते, लहरी होते, हाती आलेले दुसऱ्यास देऊन टाकून घरात अडचण करणारे होते. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी ते सारे हसत हसत नोंदविले आहे. देवाचे भय कोणास न घालणाऱ्या या गृहस्थाच्या रागाचे भय मात्र घरच्यांना असे!

१९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. मिशनच्या वेतनाने आपली वाणी बांधली जाते, विदेशी वेषात आलेला ख्रिस्त आपल्या लोकांना परका वाटतो, ही खंत त्यांना जाळीत होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्याचे दार बाप्तिस्मा घेतलेल्यांना उघडे होते, तसेच न घेतलेल्यांनाही. प्रथम मंडळीत नाव नोंदवा, मग आत या, अशी अट त्यांनी ठेविली नाही. पोटाची हमी गेली, स्वकीय ख्रिस्ती मंडळींतूनही शंका निघाल्या. परंतु दरबारात येणाऱ्याला आत काय आहे ते पाहू द्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दरबारास पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांनी देह ठेविला. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले होते, ते दहा अध्यायांच्या किंचित पुढे येऊन थांबले. उरलेल्यातील बहुतेक सारे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.