खरोसा ते वेरूळ : लेण्यांची मापं कागदावर उतरवणारे जेम्स बर्जेस

माहूर : रेणुकामातेच्या दर्शनाला आणि दत्तशिखरावर येणाऱ्या भाविकांची इथं बारमाही वर्दळ असते. त्यातले थोडेच जण गावालगतच्या पांडवलेण्याकडं वळतात. लेणं बघायचं, फोटो काढायचा अन् संध्याकाळी घर गाठायचं, असा एका दिवसाचा कार्यक्रम असतो. पण दीडशे वर्षांपूर्वी मराठवाड्यात लेणी बघत फिरणं म्हणजे चार-सहा महिन्यांचं काम होतं. ते काम एका परदेशी माणसानं अंगावर घेतलं. त्यांचं नाव जेम्स बर्जेस.

गणिताचे मास्तर

बर्जेस यांचा जन्म 14 ऑगस्ट 1832 रोजी स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीस परगण्यात झाला. पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, 1855 साली ते कलकत्त्याला आले अन् तिथं कॉलेजात गणित शिकवू लागले. 1861 मध्ये ते मुंबईला आले. तिथं पारशी समाजाच्या सर जमशेदजी जिजीभॉय यांच्या नावानं चालणाऱ्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले.

म्हणजे माणूस पेशानं शिक्षक. जुन्या देवळांचा नाद मुंबईत राहूनच वाढत गेला. 1869 मध्ये गुजरातेतल्या शत्रुंजय डोंगरावरच्या जैन मंदिरांवर त्यांचं पुस्तक निघालं, तर 1871 मध्ये मुंबईजवळच्या घारापुरी लेण्यांवर. पुढच्याच वर्षी, 1872 ला, त्यांनी 'इंडियन अँटिक्वरी' नावाचं मासिक सुरू केलं. देशभरातले शिलालेख, ताम्रपट, जुन्या वास्तू यांची माहिती त्यात छापून येऊ लागली.

हे सगळं बघून सरकारनं पश्चिम हिंदुस्थानातल्या जुन्या वास्तूंची पाहणी त्यांच्याकडं सोपवली. 1874 मध्ये पहिला हंगाम बेळगाव-कलादगी भागात झाला. दुसरा काठियावाड-कच्छात. तिसऱ्या हंगामाला, 1875-76 मध्ये, ते आपल्या भागात आले.

निजामाच्या मुलखात

त्या वेळी मराठवाडा हैदराबादच्या निजामाकडं होता. लातूरला रेल्वे नव्हती, आताच्यासारखे रस्ते नव्हते. पावसाळ्यात नदी-नाले अडवायचे, उन्हाळ्यात दगड तापायचा. त्यामुळं अशा पाहण्या थंडीच्या दिवसांत धरून व्हायच्या.

या हंगामात बर्जेस यांनी धाराशिवची लेणी बघितली, औसा तालुक्यातल्या खरोसा गावची बघितली, औरंगाबादची बघितली. खरोशाचा डोंगर जांभ्या दगडाचा. वेरूळचा काळा दगड टणक आहे, इथला मात्र सच्छिद्र. ऊन-पाऊस खाऊन मूर्तींचे चेहरे झिजतात, हात-पाय ढासळतात. आज खरोशाला गेलं की नरसिंह, शिव-पार्वती अशा मूर्ती ओळखू येतात, पण बारीक नक्षी शोधावी लागते. अशा ठिकाणी कुणी वेळीच मापं घेऊन ठेवणं किती मोलाचं, हे दगडाकडं बघूनच कळतं.

कामाची पद्धत साधी पण चिकाटीची होती. लेण्याची लांबी-रुंदी मोजायची. खांब किती, कसे, गाभारा कुठं, याचा नकाशा काढायचा. मूर्तींची चित्रं काढायची, जमेल तिथं फोटो घ्यायचा. त्या काळचा कॅमेरा म्हणजे काचा अन् तिपाईसकट मोठं ओझं. शिलालेख असला की ओला कागद दगडावर बसवून ब्रशनं ठोकायचा. कागद वाळला की अक्षरं त्यावर उमटलेली असायची. तो ठसा घरी नेऊन निवांत वाचता यायचा.

हे एकट्याचं काम नव्हतं. नकाशे काढणारी देशी माणसं सोबत असत. शिलालेख वाचण्यात जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा मोठा वाटा होता. पश्चिम भारतातल्या लेण्यांमधल्या लेखांचं 1881 चं पुस्तक दोघांच्या नावानं निघालं. बाकी मदतनीसांची नावं आज फारशी कुणाला ठाऊक नाहीत. अन् वाट दाखवणारे गावकरी तर विस्मरणातच गेले.

बिदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या प्राचीन वास्तूंचा हा अहवाल 1878 मध्ये लंडनला छापला गेला.

पांडवांचं की राजांचं?

आपल्याकडं डोंगरात कोरलेलं काही दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत केलं म्हणतात, अन् दगडी देऊळ दिसलं की हेमाडपंती. लोकांच्या श्रद्धेत त्याला जागा आहे. पण हेमाडपंत हे देवगिरीच्या यादवांचे मंत्री, तेराव्या शतकातले. हेमाडपंती म्हणवली जाणारी बरीच देवळं त्यांच्या आधीची आहेत.

बर्जेस यांच्या पिढीतल्या अभ्यासकांनी दुसरी वाट धरली. खांबाची घडण कशी, मूर्ती कोणत्या धाटणीची, अक्षराचं वळण कोणत्या काळातलं, हे जुळवून लेण्याचं वय ठरवायचं. आपल्या माहूरचं पांडवलेणंही याच रीतीनं राष्ट्रकूट काळातलं मानलं जातं. वेरूळचं कैलास लेणं कोरवणारा कृष्णराजा हा त्याच राष्ट्रकूट घराण्यातला, आठव्या शतकातला.

वेरूळवर बर्जेस यांनी 1883 मध्ये वेगळा अहवाल काढला. त्याआधी 1880 मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्यासोबत भारतातल्या लेण्यांवरचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

कागद का महत्त्वाचा

नुसती नक्कल करूनही भागत नाही, याचा धडा अजिंठ्यानं दिला. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. पुढं ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कला शाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच 1885 च्या आगीत गेल्या. छापलेल्या पुस्तकाच्या मात्र शेकडो प्रती असतात. एक जळाली तरी दुसरी राहते. बर्जेस आयुष्यभर छापत राहिले ते यासाठी मोलाचं.

1886 मध्ये ते देशाच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. 1889 मध्ये निवृत्त होऊन एडिंबरोला परतले. त्यांच्यामागं ती जागा भरलीच गेली नाही. थेट 1902 मध्ये जॉन मार्शल आले. मधली तेरा वर्षं खातं मुख्य अधिकाऱ्याविना राहिलं.

मायदेशी गेल्यावर बर्जेस पुन्हा गणिताकडं वळले. त्यांनी केलेल्या गणिती कोष्टकांसाठी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीनं त्यांना कीथ पदक दिलं. 1910 मध्ये, अठ्ठ्याहत्तरीला टेकलेले असताना, फर्ग्युसन यांच्या भारतीय वास्तुकलेच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती त्यांनी काढली. 1916 च्या ऑक्टोबरमध्ये, 84 व्या वर्षी, एडिंबरोतच त्यांचं निधन झालं.

आजही गावोगावी नांगराला वीरगळ लागतात, ओढ्याकाठी कोरीव खांब पडलेले दिसतात. कुठं ते बांधाला लागतात, कुठं ऑइलपेंटखाली जातात. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो कायदाही 1878 चाच, म्हणजे बर्जेस यांचा मराठवाड्याचा अहवाल छापून आला त्याच वर्षीचा. कायदा आजही लागू आहे, अन् तो अहवाल इंग्रजीत असला तरी आता मोबाईलवर फुकट बघता येतो. त्यातले नकाशे अन् चित्रं बघायला इंग्रजी यावंच लागतं असं नाही.