केडगावच्या रमाबाई

आपल्यापैकी निम्मे जण तरी केडगाववरून शेकडो वेळा गेले असतील. बारामतीची गाडी दौंडला बदलून पुण्याकडे निघालं की ते स्टेशन लागतं. इंदापूरकरांना हायवेवरचा चौफुला ठाऊक आहे. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंची आमची ओळख मात्र 'रिकाम्या जागा भरा' एवढीच. 'शारदा सदन' लिहिलं की एक मार्क.

त्यांचं चरित्र मी निवृत्तीनंतर वाचलं, आणि ७२ चा दुष्काळ आठवला. सुकडी, लाल मिलो, खडी फोडायला गेलेली आपल्याच वर्गातली मुलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं रमेला. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. दुष्काळ पडला, पैसे संपले. मजुरी माहीत नव्हती, भीक मागणं जमत नव्हतं. रानातली पानं खाऊन दिवस काढले. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. आई तापात अन्न मागत होती म्हणून रमा शेजारणीकडे गेली. तोंडातून शब्द फुटेना. बाजरीच्या भाकरीचा तुकडा मिळाला, पण आईला तो गिळवला नाही. तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची होती.

पुढे भाऊ श्रीनिवासबरोबर पायी भटकंती, १८७८ मध्ये कलकत्त्याला मिळालेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न आणि दोन वर्षांच्या आत पटकीनं त्यांचाही अंत. मांडीवर लहानगी मनोरमा. जुन्या व्रतवैकल्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथल्या धर्मभगिनींचंही सगळं त्यांनी ऐकलं नाही. पटलं नाही तर वाद घालत.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढल्या वर्षी ते पुण्यात आलं. रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुणं पेटलं. पालकांनी मुली नेल्या. रानडे, भांडारकरांनीही सल्लागारपद सोडलं. पालकांचा राग मला समजतो. धर्माला हात लागणार नाही या भरवशावर त्यांनी मुली ठेवल्या होत्या. पण आपल्याच घरात देवाचं नाव दार लावून घ्यायचं, हे रमाबाईंना जमण्यातलं नव्हतं.

मग १८९६ चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या छावण्यांत मुलींचे हाल चाललेत असं कळलं. हाताशी पैसा नव्हता, आणि अमेरिकेतल्या मित्रांची मदत दहा वर्षांपुरतीच ठरलेली. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि निघाल्या. मला वाटतं, त्या छावण्यांत त्यांना सोळा वर्षांची रमाच दिसली असणार. शेकडो मुली त्यांनी आणल्या. त्यातच पुण्यात प्लेग आला, तिथे इतक्या जणींना ठेवता येईना. केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. त्या माळावर आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं होती. विहिरी खणणं, शेती, विणकाम, छापखाना, सगळं मुलीच करत. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवी. आपल्याच पट्ट्यातला हा कोरडा माळ. तिथे रोज दोन हजार पोटांचं गणित काय असेल, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको.

उतारवयात रमाबाईंना ऐकू येईनासं झालं. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असं बायबल मराठीत हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायला त्यांच्याच मुली. १९२१ च्या जुलैत चाळिशीतली मनोरमा गेली. सारा कारभार तिच्यावर सोपवायचा विचार होता. रमाबाई पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.