34 वर्षांनी मिळालेलं पदक

एखाद्या माणसाच्या पायाचं हाड म्युझियममध्ये ठेवलंय आणि तोच माणूस स्वतः ते बघायला येतोय, असं कुणी सांगितलं तर आपण काय म्हणू? काय फेकतोय! मलाही तसंच वाटलं होतं. पण ही गोष्ट खरी आहे. त्या माणसाचं नाव डॅनियल सिकल्स. अमेरिकन यादवी युद्धातला जनरल. लढाईत त्याचा पाय गेला आणि त्यानंतर देशाचं सर्वोच्च लष्करी पदक मिळायला त्याला तब्बल 34 वर्षं लागली. ते पदक त्याला द्यायला हवं होतं का, यावर आमच्या रूमवर रात्री दोन वाजेपर्यंत भांडण झालं. म्हणून म्हटलं, सगळ्यांनाच सांगावं.

सिकल्सचा जन्म 1819 सालचा, न्यूयॉर्कचा. धंद्याने वकील, आवडीने राजकारणी. 1857 मध्ये तो अमेरिकन काँग्रेसचा सदस्य झाला. पण साऱ्या देशाला त्याचं नाव कळलं ते वेगळ्याच कारणाने. फेब्रुवारी 1859 मध्ये त्याने आपल्या बायकोच्या प्रियकराला वॉशिंग्टनमध्ये, व्हाइट हाउससमोरच्या चौकात, भरदिवसा गोळ्या घातल्या! कोर्टात त्याच्या वकिलांनी सांगितलं, की त्या क्षणी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. अमेरिकेत तात्पुरत्या वेडाचा हा बचाव यशस्वी झालेला हा पहिला गाजलेला खटला. साहेब निर्दोष सुटले. मात्र राजकारणातली इज्जत गेली ती गेलीच.

1861 साली युद्ध सुरू झालं आणि सिकल्सला दुसरा चान्स मिळाला. त्याने न्यूयॉर्कमध्ये माणसं गोळा करून अख्खी ब्रिगेड उभी केली. वेस्ट पॉइंटसारख्या लष्करी कॉलेजचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. तरी दोन वर्षांत तो मेजर जनरल झाला आणि सुमारे 10 हजार सैनिकांच्या तिसऱ्या कोअरचा प्रमुख बनला.

आता येऊ 2 जुलै 1863 कडे. ठिकाण पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग. सेनापती जॉर्ज मीड याने सिकल्सला एका टेकाडाच्या रांगेवर, सैन्याच्या डाव्या टोकाला उभं केलं होतं. सिकल्सला ती जागा पसंत नव्हती. समोर पीचच्या बागेची जमीन जरा उंच होती. दोनच महिन्यांपूर्वी चॅन्सेलर्सव्हिलच्या लढाईत त्याला हुकमामुळे अशीच एक उंच जागा सोडावी लागली होती, आणि तिथूनच शत्रूच्या तोफांनी त्यांना भाजून काढलं होतं. ती चूक पुन्हा नको, म्हणून तो सगळी कोअर घेऊन सुमारे एक किलोमीटर पुढे गेला. हुकूम नसताना!

त्याचं लॉजिक अगदीच वेड्यासारखं नव्हतं. पण दोन गोष्टी बिघडल्या. एक म्हणजे त्याची फळी लांब आणि पातळ झाली, तिच्यावर दोन बाजूंनी मारा होऊ लागला. दुसरी म्हणजे मागची लिटल राउंड टॉप ही टेकडी उघडी पडली. मीड तिथे येऊन पोचेपर्यंत शत्रूच्या तोफा सुरू झाल्या होत्या. मागे फिरायला वेळच उरला नाही. त्या दिवशी सिकल्सच्या कोअरमधले 4 हजारांहून जास्त सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. टेकडी वाचली ती दुसऱ्या तुकड्यांनी धावत येऊन वाचवली म्हणून. त्यात मेन राज्याच्या रेजिमेंटचा कर्नल जोशुआ चेंबरलेन होता. त्यालाही पुढे 1893 मध्ये हेच पदक मिळालं, हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी घोड्यावर असताना सिकल्सच्या उजव्या पायावर तोफगोळा आदळला. स्ट्रेचरवरून नेताना सैनिकांचा धीर सुटू नये म्हणून तो तोंडात सिगार धरून सगळ्यांना दिसेल असा पडून होता, असं सांगतात. त्याच दिवशी पाय कापला. साहेबांनी हाड एका छोट्या शवपेटीत घालून वॉशिंग्टनच्या आर्मी मेडिकल म्युझियमला पाठवून दिलं, सोबत आपलं व्हिजिटिंग कार्ड! लढाईतल्या जखमांचा अभ्यास व्हावा म्हणून हे म्युझियम 1862 मध्येच सुरू झालं होतं. पुढे अनेक वर्षं लढाईच्या तारखेला तो तिथे आपलं हाड बघायला जायचा म्हणतात.

इथपर्यंत ऐकून माझा रूममेट म्हणाला, की दिलं पाहिजे ना पदक, अजून काय हवं? पण खरी गंमत पुढेच आहे.

तीन दिवसांत सिकल्स वॉशिंग्टनला पोचला. 5 जुलैला राष्ट्राध्यक्ष लिंकन त्याला भेटायला आले, तेव्हा त्याने लढाईची आपली बाजू आधीच सांगून टाकली. पुढे 1864 मध्ये काँग्रेसच्या समितीसमोर त्याने मीडच्या विरोधात साक्ष दिली. मीडने त्याला कोअर परत दिली नाही. मात्र पाय गमावलेल्या माणसावर हुकूम मोडल्याचा खटला कोण भरणार? तो कधीच भरला गेला नाही. मीड 1872 मध्ये वारला. सिकल्स स्पेनमध्ये अमेरिकेचा राजदूत होऊन आला, पुन्हा काँग्रेसमध्ये गेला, आणि गेटिसबर्गची रणभूमी जपणारा 1895 चा कायदाही त्यानेच पुढे नेला. आणि इतकी वर्षं तो एकच गोष्ट सांगत राहिला, की माझं पुढे जाणं बरोबर होतं.

त्या काळी सैनिकाला द्यायला मेडल ऑफ ऑनर हे एकच पदक होतं. जखमी सैनिकांना मिळणारं पर्पल हार्ट आज ज्या रूपात आहे ते 1932 मध्ये सुरू झालं. त्यामुळे जखम, शौर्य, सेवा सगळं एकाच पदकाच्या दारात उभं होतं. सिकल्सनेही खटपट केली आणि 30 ऑक्टोबर 1897 ला, वयाच्या 78 व्या वर्षी, ते त्याला मिळालं. कारण दिलं होतं शत्रूला जोराने अडवण्याचं आणि स्वतः जखमी होऊनही सैनिकांना हिंमत देण्याचं. पुढे जाण्याचा निर्णय बरोबर की चूक, यावर त्यात एक शब्दही नाही!

1917 मध्ये लष्कराच्या समितीने जुनी पदकं तपासून 911 जणांची नावं यादीतून काढली. त्यात डॉक्टर मेरी वॉकर होती. तिने त्याच युद्धात जखमींची सेवा केली होती आणि शत्रूची कैदही भोगली होती. तिचं पदक 1977 मध्ये परत मिळालं. सिकल्सचं मात्र कायम राहिलं. तो स्वतः 3 मे 1914 रोजीच वारला होता. त्याआधी 1912 मध्ये स्मारक समितीच्या हिशोबात हजारो डॉलर कमी आढळले आणि समितीच्या अध्यक्षपदावरून त्याला जावं लागलं. त्याचं हाड आजही मेरीलँडमधल्या म्युझियममध्ये आहे.

आमचं भांडण काही मिटलं नाही. पण मला विचाराल तर मी पदक दिलं असतं. तोफगोळा लागल्यावर सिगार ओढत सैनिकांना धीर देणं हे खरंच सोपं नाही. फक्त ते पदक त्या संध्याकाळच्या पाच-दहा मिनिटांसाठी. दुपारच्या निर्णयाचे मार्क वेगळे, आणि तिथे मी त्याला पास केलं नसतं. त्याला मात्र आयुष्यभर वाटत राहिलं, की पाय गेला म्हणजे उत्तर बरोबर आलं.

आपणही असंच करतो ना? रात्रभर जागून प्रोजेक्ट केला, म्हणजे तो बरोबरच असणार! मेहनत खरी असते, त्रासही खरा असतो. पण सर्किट चुकलं असेल तर चुकलेलंच असतं. आणि सिकल्सच्या चुकीची किंमत त्याच्या एका पायात संपली नाही. त्याच्या मागे गेलेल्या त्या 4 हजार जणांपैकी बहुतेकांची नावं आज कुणालाच माहीत नाहीत. त्यांच्यासाठी 34 वर्षं खटपट करणारं कुणी नव्हतं.